इरावतीचा अर्ज

सोमवार, ९ मे २०१६

आज पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर अशील आली. वय सोळा, शाळेचा युनिफॉर्म, केस ओले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "आय वॉन्ट टु डिव्होर्स माय पेरेंट्स. किती दिवस लागतात?"

मी कागदावरून मान वर केली आणि आम्ही दोघीही दचकलो. टिपणिसांची इरावती! गुढीपाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये हिच्याच शेजारी बसून जेवले होते मी.

"ओ नो," ती म्हणाली. "तू शांतामावशींची विनयाताई ना?"

ऑकलंडजवळच्या या हॅमिल्टनमध्ये मराठी घरं इतकी मोजकी आहेत की हे कधीतरी होणारच होतं. मी तिला थांबायला सांगून नायरेकडे गेले. नायरे म्हणजे आमच्या मोफत कायदा केंद्राच्या मुख्य वकील. चाळीस वर्षं कौटुंबिक कोर्टात काढलेली बाई. तिने चष्म्यावरून विचारलं, "ओळख आहे की नातं आहे?"

"ओळख. वर्षातून तीनदा एका हॉलमध्ये जेवतो."

"मग चालेल. पण तुझ्या आईपासून हे लपवता येईल तुला?"

"अर्थात," मी म्हणाले. हा काय प्रश्न झाला?

इराचं म्हणणं असं: आई-बाबा ऑगस्टमध्ये कायमचे पुण्याला चाललेत. तिला यायचं नाही. तिला इथेच शाळेचं शेवटचं वर्ष पुरं करायचंय. शर्यतीत आठ मुली वल्हवतात त्या शाळेच्या बोटीची ती कॉक्स आहे, म्हणजे मागे बसून दिशा सांगणारी. "आठ मुली माझं ऐकतात, ताई. घरी दोन माणसं आहेत, तीसुद्धा ऐकत नाहीत."

"त्यांनी तुला सांगितलं कसं?"

"जेवताना. मम वरण वाढत होती. म्हणाली, सहा ऑगस्टची तिकिटं झालीत, तूप हवं का?"

मला तिला सांगावं लागलं, की अमेरिकेतल्या सिनेमांत दाखवतात तसं आई-बाबांपासून मोकळं होणं इथल्या कायद्यात नाही. अठरापर्यंत पालक ते पालकच. पण एक कलम आहे. सोळा वर्षांवरच्या मुलाला पालकांचा एखादा महत्त्वाचा निर्णय कोर्टात नेता येतो. जज्ज तो तपासतो आणि मुलाचं म्हणणंही ऐकतो.

"म्हणजे त्यांना मला विचारावं लागेल?"

"जज्ज तरी नक्की विचारेल."

ती पहिल्यांदा हसली. याचसाठी मी वकील झाले.

बुधवार, ११ मे

घरी तोंड मिटून आहे. सोपं नाही. आई विचारते, "आज काय झालं गं ऑफिसात?" आणि मी फोटोकॉपी मशीनबद्दल सांगते.

आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा कोल्हापूरला आयटीआय करून वेल्डर झाले. इथे दुधाच्या कारखान्यांसाठी स्टीलच्या टाक्या जोडतात. आई वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत आहे. त्यामुळे घरातलं लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडे. केंद्रातली केट तिच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी आहे म्हणून दोनदा विचारून गेली, पण मला आई-बाबांना सोडून कसं जमेल? टॅक्सच्या पत्राला आज बाबांनी मला न दाखवताच उत्तर पाठवून टाकलं. चुकलं असतं म्हणजे? नशिबाने बरोबर होतं.

आईची दाढ अजून दुखते. महिना झाला, डाव्या बाजूनेच चावते. डेंटिस्टकडे चल म्हटलं तर म्हणते, "आपोआप राहतंय बघ." डेंटिस्टच्या खुर्चीची भीती वाटते हे कबूल करणार नाही.

शुक्रवार, २० मे

इराच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा नायरेला दिला. बारा पानं. मुलांचे हक्क, आंतरराष्ट्रीय करार, मध्ये एक परिच्छेद स्वातंत्र्य या कल्पनेवर. तिने काटछाट करून तीनच पानं परत दिली.

"दडपशाही?" तिने माझ्या एका शब्दाखाली रेघ मारली होती. "हिला कुणी मारलंय? उपाशी ठेवलंय?"

"नाही. पण..."

"मग जे घडलं तेवढंच लिही. जज्जला वाचता येतं."

माझा स्वातंत्र्याचा परिच्छेद गेला. तुपाचं वाक्य मात्र तिने ठेवलं, वर बाजूला लिहिलंय, 'हे उत्तम'.

बुधवार, ८ जून

अडचण. इरा जिच्याकडे राहणार होती त्या मैत्रिणीच्या आईने माघार घेतली. "आई-बाप आणि मुलीच्या मध्ये पडायला नको वाटतं," असं म्हणाल्या. राहायची जागा नसेल तर अर्जाला काय अर्थ, असं नायरे म्हणते.

इरा आज टेबलावर डोकं ठेवून बसली होती. मी विचारलं, "बाबांशी बोलून पाहिलंस?"

"डॅड म्हणतो, आईला विचार. मम म्हणते, मोठी झालीस की कळेल. हाउ मच मोठी? देअर शुड बी अ नंबर."

मी विचारलं, पुण्याला जायचं कारण काय सांगतात. बाबांची बदली. त्यांनीच मागून घेतली म्हणे. इथलं घर छान, नोकरी छान, आणि बदली मागून घेतली! मला तर हा निव्वळ हट्ट वाटतो. तिची आई इथल्या एका दवाखान्यात डेंटिस्टची मदतनीस आहे, म्हणजे तिच्याही करिअरचा काही प्रश्न नाही.

मी इराला म्हणाले, जागा मिळेल. मिळवीन.

शुक्रवार, २४ जून

अर्ज दाखल झाला. राहायच्या जागेसमोर शाळेचं वसतिगृह लिहिलंय. तिथे जागा मिळेलच असं नाही, पण त्यांनी नाही म्हटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आई-वडिलांच्या हातात कागद पडतील. इराने सही केली. म्हणाली, "ते माझ्यावर चिडतील ना?"

"तू काही चूक करत नाहीयेस."

"ते मी विचारलं नव्हतं."

मी तिला पाणी दिलं. आणखी काय देणार?

शनिवार, २ जुलै

काय दिवस गेला! सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर सोमवारी नायरेसमोर बोलता यायचं नाही.

कागद गुरुवारी पोचले. आज सकाळी दहा वाजता आमची बेल वाजली. दारात इरा, भिजलेली, पाठीला शाळेची बॅग. रोटोटुनाच्या घरून दोन बस बदलून आली होती. पत्ता मंडळाच्या यादीतून काढला. "मम दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. ओरडतही नाहीये. आय कान्ट."

अशिलाला घरात घ्यायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पण पावसात उभी करायची का? मी तिला आईच्या ताब्यात दिलं, "मैत्रीण आहे," असं काहीतरी म्हणाले, आणि गॅरेजमध्ये जाऊन नायरेला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. निरोप ठेवला. वीस मिनिटं गेली असतील.

आत आले तर इरा बाबांचा स्वेटर घालून पिठलं-भाकरी खात होती. तिसरी भाकरी. आणि आई फोनवर.

"...व्हय, आमच्याकडंच हाय. जेवतीया. तुम्ही काळजी करू नका, सावकाश या."

"आई! कुणाशी बोलत होतीस?"

"तिच्या आईशी. कोण म्हणजे?"

"तुला काही कळतं का? ही माझी अशील आहे! माझं लायसन्स जाईल!" मी आयुष्यात आईवर इतकी ओरडले नसेन. आणि ओरडता ओरडता मी स्वतःच 'अशील' म्हणून बसले, ते वेगळंच.

आई शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याची पोर घरात घ्यायची, जेवायला घालायचं, आणि तिच्या आईला कळवायचं न्हाई? ती काय मांजर हाय? तू असतीस तर मला कुणी कळवलं असतं की न्हाई?"

"मावशी इज राइट," इरा भाकरीत बघत म्हणाली. "कुणीतरी सांगायला हवं होतं. मला नव्हतं जमत."

अर्ध्या तासात गाडी आली. इराचे वडील, श्रीनाथकाका, गाडीतच बसून राहिले. पाऊस थांबला होता तरी वायपर चालूच. तिची आई, मृणालिनीकाकू, आत आल्या. उभ्याच राहिल्या. हातात आमचे तीन कागद.

"हे तू लिहिलंस?" मला.

"इराने सांगितलं, मी लिहिलं."

"तूप हवं का, हे वाक्य कोर्टात जाणार?"

"गेलंय."

त्या इराकडे वळल्या. "इतकं मनात होतं तर मला सांगायचं."

"तू विचारलंस कधी?"

आता मोठं भांडण होणार असं मला वाटलं. आई चहा घेऊन आली, कप ठेवताना तिने नकळत गालाला हात लावला. आणि काकू बोलायच्या थांबल्या.

"कधीपासून दुखतंय, शांताताई?"

"काय न्हाई हो ते."

"बसा. आ करा." आवाजच बदलला. त्यांनी फोनचा दिवा लावला, चमच्याच्या दांड्याने आईची जीभ दाबली, दोन दातांवर टकटक केलं. माझी आई, जी डेंटिस्टच्या नावाने पळते, ती लहान मुलीसारखी तोंड उघडून बसली. "अक्कलदाढ नाही, तिच्या अलीकडची. मुळाशी पू आहे. ही वाचायची नाही आता. येत्या शुक्रवारी आमच्या दवाखान्यात या, मी आहे तिथे. आणि घाबरायचं नाही."

मग त्यांनी सिंकपाशी बराच वेळ हात धुतले. पुसून परत आल्या तेव्हा खांदे पुन्हा पडलेले. इरा ताट हातात धरून दारात उभी होती. स्वतःच्या आईकडे एकटक पाहत होती.

एवढ्या गंभीर प्रसंगी दाताचा विषय काढणं मला जरा विचित्रच वाटलं. बहुधा उत्तर टाळायचं असेल.

शेवटी इरा म्हणाली, "मी येते घरी. पण अर्ज मागे घेत नाहीये."

"नको घेऊस," काकू म्हणाल्या.

बाबा मधल्या वेळात चहाचा कप घेऊन गाडीकडे गेले होते. अर्धा तास दोघं गाडीत बसले. काय बोललात म्हणून मी विचारलं, तर म्हणतात, "काही न्हाई. गाडीचा पट्टा कुरकुरतोय म्हणाला. बघून दिला."

सोमवार, ४ जुलै

नायरेला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुझी आई वकील नाही, तिला नियम लागू नाहीत. तुला आहेत. अशील दारात आली की पहिला फोन मला नव्हे, तिला सुरक्षित जागी पोचवणाऱ्याला करायचा. आणि घरात गाठ घालून द्यायची नाही." फाइल माझ्याकडून काढून घेतली. कोर्ट आता इराला तिची स्वतंत्र वकील देईल. माझ्या नावे एक लेखी समज.

स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग बाहेर येऊन एका भाडेकरूचं पत्र लिहिलं.

आईशी अजून बोलत नाहीये. तिने न मागता माझ्या डब्यात भरली वांगी दिली होती. खाल्ली, पण बोलले नाही.

शुक्रवार, ८ जुलै

आईची दाढ काढली! अर्धं तोंड बधिर असतानाही बोलायची थांबली नाही. "त्या मृणालिनीनं सगळं आधीच सांगितलं बघ. कुठली दाढ, किती मुळं, कसं निघंल. तो डॉक्टर आला, चोवीस-पंचवीसचं पोरगं, फोटो काढला आन् तेच बोलला. तरी सुई त्यानंच टोचली. ती नुसती नळी धरून उभी." हे तिने मला दोनदा, बाबांना तीनदा सांगितलं. "नुसती नळी धरून, काय!"

मी म्हणाले, मदतनिसाचं कामच ते असतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एवढं शिकून फुकट गेले.

शुक्रवार, १५ जुलै

शाळेला सुट्टी आहे. आईची जखम बघायला मृणालिनीकाकू घरी आल्या आणि इराही आली. मी तिच्याशी अर्जाबद्दल बोलू शकत नाही, म्हणून भाजी निवडत बसले.

आई सरळ म्हणाली, "मृणालिनीताई, तुम्ही पुण्यात डॉक्टर होता नव्हं?"

"होते. अकरा वर्षं. स्वतःचा दवाखाना होता."

"मग हितं का न्हाई?"

"इथली परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली. दुसऱ्यांदा थोडक्यात राहिली. मग इरा लहान, याची नोकरी... राहूनच गेलं." त्या हसून म्हणाल्या, जसं लोक हरवलेल्या छत्रीबद्दल सांगतात. "नऊ वर्षं दुसऱ्याच्या हातात हत्यारं देतेय. आता पंचेचाळीसची झाले. श्रीनाथला म्हटलं, मला परत जायचंय. त्याने दुसऱ्या दिवशी बदली मागितली."

"मम," इरा म्हणाली. "यू नेव्हर सेड."

"काय सांगणार? आईला कंटाळा आलाय म्हणून तू सगळं सोड? बदली म्हटलं की कुणाचा दोष राहत नाही." मग त्या इराकडे वळून बसल्या. "तुझ्या तीन पानांत तू मला एकच दोष दिलायस. विचारलं नाही म्हणून. मी ते दहा वेळा वाचलं. इथे येताना मलाही कुणी विचारलं नव्हतं, इरा. तिकिटं झाली आणि मला कळलं."

मेथीची जुडी माझ्या मांडीवरून खाली पडली. कुणी उचलली नाही.

इरा नाक पुसत म्हणाली, "तर मग तू जा ना. लाइक, प्लीज जा. मी राहते."

किती सोपं वाक्य. माझ्या बारा पानांत ते कुठेच नव्हतं.

रविवार, २४ जुलै

टिपणीस नवरा-बायको आज रीतसर भेटायला आले, पेढे वगैरे घेऊन. वसतिगृहात जागा नाही. श्रीनाथकाका बाबांना म्हणाले, "दादा, पुढच्या वर्षाअखेरपर्यंत इरा तुमच्याकडे राहिली तर? आम्ही तसं लिहून देऊ, तिची नवी वकील कोर्टात ठेवेल. अर्ज मग लागणार नाही."

बाबा म्हणाले, "राहू दे की. लेकच हाय."

मी म्हणाले, "पण आपल्याकडे दोनच खोल्या आहेत."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग पेढ्यांकडे.

"ती केट म्हणून पोरगी हाय ना तुमच्या हापिसात?" बाबा म्हणाले. "तिच्याकडं खोली हाय म्हणत होतीस."

मी ते बाबांना कधी सांगितलं होतं? आठवत नाही. मी म्हणाले, तुमचं कसं होईल माझ्याशिवाय? पत्रं, बँक, आईची औषधं? आई म्हणाली, "बघू कसं जमतंय ते," आणि का कोण जाणे, तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. खांदे तर हलत होते.

इरासाठी हा त्याग करायचा असं मी ठरवलं आहे. नायरेला विचारलं. ती म्हणाली, फाइल तुझ्याकडे नाही, आता हरकत नाही. मग हसत बसली. तिलाही काय झालंय कळत नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट

ऑकलंडच्या विमानतळावर गेलो, बाबांच्या गाडीतून. मृणालिनीकाकू इराला सूचना देत होत्या: सराव संपला की कोरडे कपडे, रविवारी फोन, शांतामावशीला मदत. इरा "येस, मम" म्हणत होती. मग सूचना संपल्या आणि दोघींना काय करावं कळेना. श्रीनाथकाकांनी दोघींना एकदमच मिठी मारली, बॅगांसकट.

काकू आत जाताना वळून मला म्हणाल्या, "त्या तीन पानांची एक प्रत मी नेतेय. चालेल ना?"

परतताना इरा वाटेतल्या बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्यांपर्यंत रडली. बाबा एरवी हायवेवर शंभरने चालवतात. आज नव्वदनेच चालवली.

रविवार, २१ ऑगस्ट

केटच्या फ्लॅटवर येऊन पंधरा दिवस झाले. खोलीतल्या हीटरला वास येतो. मी दोनदा भात लावला, दोन्ही वेळा जास्त झाला.

आज घरी जेवायला गेले. माझी किल्ली इराला दिलेली, म्हणून बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल मी आज पहिल्यांदा वाजवली. आतून आईचा आवाज, "कोण हाय गं?" आणि इराचा, "विनयाताई! गेस्ट आलीय!" मग तिने दार उघडलं आणि मला म्हणाली, "बूट इकडे काढ हं, तिकडे ओलं आहे."

जेवताना तिचा फोन वाजला. पुण्याहून. ती ताटावरून उठली, माझ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीतून तिचा आवाज येत होता: "नो वे! तीन पेशंट? पहिल्याच दिवशी? मम, दॅट्स हीप्स! केवढे!" मग बराच वेळ नुसतं हसणं. आई जेवायची थांबून ऐकत होती, उजव्या बाजूने चावत.

मी बँकेचं एखादं पत्र आलंय का विचारलं. आलं होतं, झालंही होतं. औषधं आणली होती. बाबांनी फोनवर बसचं वेळापत्रक शोधायला शिकून घेतलंय. इराने शिकवलं.

निघाले तेव्हा कुणी थांब म्हणालं नाही. बाबा गाडीपर्यंत आले, वाकून चारही टायर दाबून पाहिले आणि हात पुसत म्हणाले, "पुढच्या वेळी फोन करून ये बाई. रविवारी आम्ही घरी असतोच असं न्हाई."

असतोच असं नाही? मग कुठे जातात ही दोघं?